जुन्या वस्तऱ्यांची गुणवत्तापरीक्षा : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात कागदपत्रांची बाह्य व अंतर्गत चिकित्सा केली जाते. नित्योपयोगी वस्तूंच्या वाट्याला ती क्वचितच येते. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील शेफिल्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन येथे घडविलेले दुमडते वस्तरे आज संग्रहांतून आढळतात. त्यांची गुणवत्ता ठरविताना पात्यावरील अक्षरे प्रमाण मानावीत की प्रत्यक्ष पाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाममुद्रेची साक्ष

शेफिल्ड परिसरातील कारागिरांची 'कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर' ही संस्था १६२४ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाली. कारागिरांच्या मुद्रांची नोंद ठेवणे हे तिचे एक प्रमुख कार्य होते. शेफिल्डच्या नावाला मोल आले, तशी त्याची नक्कलही होऊ लागली. त्यातूनच १८८७ चा ब्रिटिश 'मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्ट' आला. पुढे अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्याने आयात मालावर उगमदेशाचे नाव आवश्यक ठरविले. त्यामुळे पात्यावरील 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' हा शब्द सामान्यतः त्यानंतरचा काळ सुचवितो. मात्र तो शब्द नसणे हा प्राचीनत्वाचा पुरावा नव्हे. कारण स्वदेशी विक्रीच्या मालाला हे बंधन नव्हते. 'झोलिंगेन' या नावाला तर १९३८ मध्ये स्वतंत्र कायदेशीर संरक्षण मिळाले.

पोलादाचा दावा

१७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळविण्याची पद्धत विकसित केली. त्यामुळे कार्बनचे प्रमाण सर्वत्र सारखे राहून धार एकसारखी लागू लागली. पात्यांवरील 'कास्ट स्टील' ही अक्षरे याच पोलादाची द्योतक होत. १८२० व १८२२ मध्ये जेम्स स्टोडार्ट आणि मायकेल फॅरडे यांनी पोलादाच्या मिश्रधातूंवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत चांदीचे प्रमाण सुमारे पाचशेवा भाग इतके अल्प होते. तथापि 'सिल्व्हर स्टील' हे शब्द वस्तऱ्यांवर सर्रास झळकले. केवळ त्यांवरून पात्यात चांदी आहे असे मानता येत नाही.

या प्रयोगांमागे भारतीय 'वुट्झ' पोलादाविषयीचे कुतूहल होते. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून त्याचे नमुने लंडनला पाठविले. जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ च्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच ते मुंबईत तयार होत असल्याचे म्हटले. वस्तुतः वुट्झ मुख्यत्वे दक्षिण भारतात बनत असे. पाठवणीचे बंदर हेच निर्मितिस्थान ठरले.

पात्याचे परीक्षण

धार लावताना वस्तऱ्याची पाठ व धार दोन्ही दगडावर टेकतात. म्हणजे पाठीची जाडी व पात्याची रुंदी यांवरून धारेचा कोन ठरतो. पाठ एका बाजूस अधिक झिजली असेल, तर तो कोन बिघडतो. पाठीजवळचा वरवरचा गंज क्षम्य असतो. धारेलगतचे खोल खड्डे व चीर मात्र पाते निकामी करतात. मूठ बदलता येते, म्हणून तिच्यावरून पात्याचा काळ ठरवू नये. सेल्युलॉइडची मूठ विघटित होऊ लागली, तर तिच्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वायूंनी चांगले पातेही गंजते.

निष्कर्ष

नाममुद्रा हा निर्मात्याचा वा विक्रेत्याचा दावा असतो, तर पाते हा त्या दाव्याचा पुरावा असतो. दोन्ही एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय निर्णय देणे योग्य नव्हे. चकचकीतपणासाठी यंत्रावर केलेली घासाई मुद्रा पुसून टाकते आणि उष्णतेने पात्याचे पाणीही उतरविते. म्हणजे दावा व पुरावा एकाच वेळी नष्ट होतात. म्हणूनच संग्राहक व संग्रहालये यांनी अशा वस्तूंची प्रथम नोंद करावी, आणि स्वच्छता त्यानंतरच व बेताने करावी.