संगणकाचा आरंभलेख : वाचन व मोर्तब

जुन्या कागदाची परीक्षा दोन अंगांनीं होते. मजकूर वाचून आणि शिक्का पाहून. शिक्का अस्सल असूनही मजकूर सदोष असूं शकतो, हें दप्तरें हाताळणारांस सांगणें नको. यंत्र सुरू होतांच प्रथम चालणाऱ्या आज्ञांस येथें ‘आरंभलेख’ म्हटलें आहे. त्याच्या वाढीचा इतिहास या दोन अंगांनीं पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

इंग्रजींत या क्रियेस ‘बूट’ म्हणतात. आपल्याच बुटाचा बंद ओढून स्वतःस वर उचलणें, या कल्पनेवरून तें नांव पडलें. नट कितीही कुशल असला तरी त्यास स्वतःच्या खांद्यावर चढतां येत नाहीं, हा संस्कृत शास्त्रग्रंथांतील दृष्टांत येथें आठवतो. स्मृति रिकामी असलेल्या यंत्रास वाचण्याची पहिली आज्ञा कोणीं द्यावी? आरंभीं ती माणूसच देत असे.

‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकांत ‘अल्टेअर ८८००’ हें हौशी लोकांचें यंत्र झळकलें. त्यास मुळांत ना कळफलक, ना पडदा. दर्शनी फळीवर केवळ खटके व दिवे. वीज बंद केली कीं स्मृति पुसली जाई. म्हणून कागदी फितीवरील बेसिक भाषा आंत घेण्यापूर्वीं सुमारें वीस बाइटांचा आरंभलेख दर वेळीं खटक्यांनीं भरावा लागे. ही बेसिक घेऊन पॉल ॲलन विमानानें आल्बुकर्कीस निघाला असतां, आरंभलेख लिहावयाचा राहिल्याचें त्याच्या ध्यानांत आलें. तो त्यानें विमानांतच कागदावर लिहून काढला.

पुढें हा लेख कायम स्मृतींत कोरला जाऊं लागला. स्टीव्ह वॉझ्नियाकनें १९७६ च्या ‘ॲपल १’ साठीं लिहिलेला लेख २५६ बाइटांचा होता. ऑगस्ट १९८१ मधील आयबीएम पीसीचा ‘बायॉस’ ८ किलोबाइटांचा. परंतु त्याची संपूर्ण संहिता कंपनीनें आपल्या तांत्रिक ग्रंथांत छापली होती. ग्रंथ वाढला, तरी पोथी उघडी होती. १९८३ च्या पीसी एक्सटीपासून हार्ड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत दुसरा टप्पा असे : ४४६ आज्ञांस, ६४ डिस्कच्या वांटणीस, आणि शेवटचे २ ठराविक खुणेस. ही खूण म्हणजे पत्राअखेरचें मोर्तबच. लेख येथें संपला एवढेंच ती सांगे. तो कोणाचा, हें नव्हे.

या मांडणीची धांव २ टेराबाइटांच्या डिस्कपर्यंतच होती. इंटेलनें इटेनियम यंत्रांसाठीं रचलेली नवी पद्धत २००५ मध्यें स्थापन झालेल्या यूईएफआय फोरमकडे आली. तिचा विस्तार मेगाबाइटांत मोजावा लागतो. २०१२ मध्यें विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ प्रचारांत आला. मान्य किल्लीची अंकीय सही ज्यावर नाहीं, तो लेख यंत्र चालवीतच नाहीं. बहुतेक यंत्रांत मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या असल्यामुळें, लिनक्स वापरणारांसाठीं मायक्रोसॉफ्टनें सही केलेला ‘शिम’ नांवाचा लहान लेख मध्यें आला. शिमनें ‘ग्रब’ची सही तपासावी, आणि ग्रबनें लिनक्सचा गाभा आणावा, अशी ही परंपरा आहे. त्यापुढील टप्पे विस्तारभयास्तव येथें देत नाहीं.

शिक्क्याचें प्रयोजन खरें आहे. आरंभलेखांतच दडणारीं घातक आज्ञापत्रें पूर्वीं आढळलीं आहेत. परंतु जुलै २०२० मध्यें ‘बूटहोल’ नामक दोष प्रसिद्ध झाला. ग्रब आपली मांडणीची फाइल वाचतांना मजकुराच्या लांबीची मर्यादा नीट राखीत नव्हता, आणि त्या फाइलीवर सही नसे. यंत्रावर पूर्ण अधिकार मिळविलेल्यास ती बदलून, मोर्तब न मोडतां, हवें तें चालवितां येई. सही अस्सल, मजकूर सदोष! नव्या प्रतींवर पुन्हा सह्या घेऊन जुन्या प्रती बाद ठरवाव्या लागल्या.

तात्पर्य, हौशी मनुष्याची हानि केवळ लेख लांबल्यानें झालेली नाहीं. इंटेलनें २००४ मध्यें आपल्या संहितेचा मोठा भाग खुला केला. लॉस ॲलामॉस येथें १९९९ मध्यें आरंभिलेली, पुढें ‘कोअरबूट’ म्हणून ओळखली गेलेली संहिताही खुलीच आहे. कष्टाळू वाचकास मजकूर मिळतो. शिक्का मात्र दुसऱ्याच्या हातीं गेला. विंडोज ८ च्या नियमांत इंटेल-जातीच्या यंत्रांवर सिक्युअर बूट बंद करण्याची मुभा मालकास देणें आवश्यक होतें. २०१५ च्या विंडोज १० पासून ती निर्मात्याच्या मर्जीवर राहिली.

आपल्या पोथ्यांच्या छायाप्रती आज अशाच यंत्रांत ठेविल्या जातात. यास्तव यंत्र घेतांना त्यांत स्वतःची किल्ली घालतां येते कीं नाहीं, हें संग्राहकांनीं अवश्य पाहावें, एवढें सुचवून लेखणी आंवरतों.