दारूचें माप

मालवणच्या धक्क्यावरून होडी करून सिंधुदुर्ग पाहावयास जाणाऱ्या मनुष्यास दाखवावयाच्या गोष्टी ठरून गेल्या आहेत. शिवराजेश्वराचें देऊळ, चुन्यांत उमटलेले महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे, आणि चोहों बाजूंनीं खारें पाणी असतां गोड राहिलेल्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरी. तट पाहून लोक थक्क होतात, आणि तें योग्यच आहे. १६६४ च्या नोव्हेंबरांत कुरटे बेटावर पायाचा चिरा बसला, चिरे सांधण्यास शिसें ओतलें आणि तीन वर्षांत हा जलदुर्ग उभा राहिला, हें ऐकून कोणाची छाती फुगणार नाहीं? परंतु या किल्ल्यावर दारू कोठें ठेवीत, ती कोठून येई, आणि कोणत्या तोफेस किती घालावी हें कोण ठरवी, असा प्रश्न विचारणारा प्रवासी आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं. आमच्या इतिहासलेखकांचेंही बव्हंशीं असेंच आहे. ते तोफा मोजतात, गलबतें मोजतात, तटाची लांबी मोजतात. आणि ज्या काळ्या भुकटीवांचून हें सर्व म्हणजे नुसता दगड, लांकूड आणि ओतीव धातु, तिचा उल्लेख 'दारूगोळा' या एका जोडशब्दांत उरकून पुढें जातात.

हा जोडशब्दच थोडा फसवा आहे. दारू आणि गोळा या दोन वस्तु एकमेकींस जुळवून घ्याव्या लागतात. भरीव आणि जड गोळा जागचा हलण्यास वेळ लावतो. तेवढा वेळ नळींत धूर कोंडतो आणि दाब वाढतो. गोळा हलका किंवा नळीहून बराच लहान असला तर धुराचा जोर बाजूच्या फटींतून निसटून जातो आणि गोळा समुद्रांत थोड्या अंतरावर पडतो. नळी गंजलेली असली, गोळा खडबडीत असला, आणि गोलंदाजानें हौसेनें दारूची एक पळी अधिक घातली, तर ज्याच्यावर नेम धरला तो सुखरूप राहून नेम धरणाराच मरतो. म्हणून तोफ भरणाराचें काम शौर्याचें होतें त्याहून अधिक विवेकाचें होतें, असें आम्हांस वाटतें. पोवाड्यांत त्याला जागा मिळाली नाहीं याचें कारणही कदाचित् हेंच असावें.

आतां ही दारू होते कशाची? सोरा, गंधक आणि कोळसा या तीन पदार्थांची. त्यांतही सोऱ्याचा भाग सर्वांत मोठा. यांपैकीं मालवणच्या किनाऱ्याच्या घरचें काय होतें? विचार केला तर एक कोळसा. हलक्या लांकडाचा, चटकन् पेट घेणारा कोळसा कोंकणच्या रानांत हवा तितका. सोऱ्याची गोष्ट अगदीं निराळी. सोरा जमिनीवर फुलतो तो कोरड्या हवेच्या मुलुखांत, जुन्या वस्तीच्या व गोठ्यांच्या मातींतून. जेथें चार महिने पाऊस कोसळतो तेथें मातींतला सोरा पाण्याबरोबर वाहून जातो. सबंध हिंदुस्थानांत या मालाचें मोठें आगर म्हणजे बिहार, आणि त्यासाठीं पाटण्याच्या बाजारांत डच व इंग्रज एकमेकांशीं चढाओढ करीत. आमच्या बाजूस घाटमाथ्यावरचा सोरा बैलांच्या पाठीवर घाट उतरून राजापुरासारख्या बंदरांत मिरी आणि कापड यांबरोबर येई. गंधक तर समुद्रापलीकडचा, इराणी आखाताच्या बाजूनें येणारा. आणि बंदुकीच्या गोळीसाठीं लागणारें शिसें बहुतांशीं टोपीकरांच्या जहाजांतून उतरे. म्हणजे ज्यांच्याशीं लढावयाचें त्यांच्याच वखारींत गोळीचा धातु विकत घ्यावयाचा, अशी ही अडचण होती!

शिवाजीमहाराजांस ही अडचण पुरती ठाऊक होती. १६६० सालीं पन्हाळ्यास सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हां राजापूरच्या वखारीचा रेव्हिंग्टन आपली तोफ व कुलपी गोळे घेऊन जौहरच्या मदतीस गेला आणि इंग्रजांचें निशाण लावून किल्ल्यावर गोळे टाकूं लागला. याचें उत्तर महाराजांनीं पुढच्या वर्षीं राजापूरची वखार लुटून व इंग्रजांस कैद करून दिलें. या प्रकरणाची हकीकत शाळेंतील पोरासही येते. पण त्यामागची गोष्ट अशी कीं, गोळे विकणारा हा साधा व्यापारी नसतो. कोणास विकावें आणि कोणास न विकावें हें ठरवितांना तो लढाईंत उतरलेलाच असतो. पुढें महाराजांनीं तोफा मागितल्या तेव्हां इंग्रजांनीं वर्षानुवर्षें गोड बोलून टाळाटाळ केली. फ्रेंचांनीं तसें केलें नाहीं. सुरतेच्या फ्रेंच वखारीकडून महाराजांनीं ८० तोफा आणि बंदुकांस पुरेल इतकें शिसें घेतल्याचें ऑर्मनें लिहून ठेवलें आहे. पोर्तुगीज या बाबतींत सर्वांत शहाणे. त्यांनीं गोव्यास, जुन्या शहराजवळ पणेलीं येथें, १६३० च्या सुमारास स्वतःचा दारूचा कारखानाच बांधून काढला होता.

सोरा आणला, गंधक आणला, कुटून दारू केली. तरी मालवणच्या हवेंत तिचा खरा वैरी पुढेंच उभा असतो. तो म्हणजे सर्दी. सोरा नीट शुद्ध झालेला नसला, त्यांत मिठाचा अंश राहिला, तर तो हवेंतली ओल पितो. समुद्राच्या मधोमध असलेल्या किल्ल्यावर तर वाराच ओला व खारा. अशी दारू बत्ती दिल्यावर फुसफुसते, गोळा तोंडाशीं येऊन पडतो. किल्ल्याच्या तटास भगदाड न पडतां किल्ला निकामी करणारा हा शत्रु आहे. येथें आम्हांस रामचंद्रपंत अमात्यांची आठवण होते. गगनबावड्याच्या या मुत्सद्द्यानें १७१५–१६ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठीं लिहिलेल्या आज्ञापत्राची वाखाणणी राजनीतीसाठीं नेहमीं होते. परंतु आमच्या मतें त्यांतील दारूखान्याचा मजकूर तितक्याच तोलाचा आहे. दारूखाना राहत्या घरांच्या जवळ किंवा त्यांच्या वाऱ्याखालीं नसावा, भोंवतीं निरगुडीसारख्या झाडांचें दाट कुंपण असावें, तळघर करून आंत गच्ची करावी, माचे घालून त्यांवर दारूचीं मडकीं ठेवावीं म्हणजे जमिनीची ओल लागणार नाहीं, बाण आणि होके म्हणजे हातगोळे निराळे ठेवावे, आणि दर आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें जातीनें येऊन सर्व माल बाहेर काढून त्यास ऊन देऊन पुन्हां शिक्कामोर्तब करावें, असा त्याचा आशय आहे. रात्रंदिवस पाहारा, आणि परवानगीवांचून कोणास फिरकूं न देणें हेंही आहेच.

या आज्ञेंत दोन भयें एकमेकांविरुद्ध ओढतात हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. ओलीचें भय म्हणतें, दारू उन्हांत काढा. आगीचें भय म्हणतें, तिला हात लावूं नका. दगडी तळघरांत बंद करून ठेवली तर ती आगीपासून वांचते पण भिजते. वरचेवर बाहेर काढली तर कोरडी राहते पण एखाद्या चिलमीची ठिणगी पुरे. अमात्यांनीं या दोहोंच्या मध्यें जो मार्ग काढला तो ग्रंथ वाचून काढलेला नव्हे. असलें बारीक ज्ञान भिजलेल्या दारूनें आणि जळलेल्या कोठारांनींच शिकविलेलें असतें.

गोळ्याविषयीं थोडक्यांत लिहितों. सह्याद्रीच्या रानांत धावड लोक लोखंड गाळीत, पण तें घणानें ठोकून घडविण्याजोगें लोखंड. घडीव गोळा पूर्ण वाटोळा होणें कठीण, आणि प्रत्येक गोळ्याचें वजन थोडें निराळें. दगडी गोळे तर त्याहून हलके. पेशव्यांनीं १७६५ च्या सुमारास ओतुराजवळ आंबेगव्हाणास गोळ्यांचा कारखाना काढला तो ही उणीव भरण्यासाठींच. गोळ्यांचें वजन सारखें नसेल तर दारूचें माप एकदां ठरवून ठेवण्यास अर्थ उरत नाहीं. प्रत्येक गोळ्यागणिक गोलंदाजास अदमासच करावा लागतो.

अदमासाचें गणित करणारा मनुष्य त्याच काळीं विलायतेंत झाला. बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञानें १७४२ सालीं तोफखान्याच्या नव्या तत्त्वांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. लोंबत्या जड फळीवर गोळी झाडावयाची, फळी किती मागें झुलली तें मोजावयाचें आणि त्यावरून गोळीचा वेग काढावयाचा, अशी त्याची साधी पण अपूर्व युक्ति होती. तींतून त्यास असें आढळलें कीं, वेगानें जाणाऱ्या गोळ्यास हवा लोक समजतात त्याहून फारच मोठा अडथळा करते. यास्तव दारू वाढविली म्हणून पल्ला त्या मानानें वाढत नाहीं. हा रॉबिन्स पुढें कंपनी सरकारचा मुख्य इंजिनीयर होऊन हिंदुस्थानांत आला आणि १७५१ सालीं मद्रासेच्या दक्षिणेस फोर्ट सेंट डेव्हिड येथें वारला. आमच्या किनाऱ्यावर त्याचें पाऊल लागलें नाहीं; परंतु तोफेचें शास्त्र करणारी ती विद्या पांच वर्षांनीं दुसऱ्यांच्या हातून विजयदुर्गावर आली.

विजयदुर्गाच्या त्या प्रसंगाविषयीं आमचें मत प्रचलित समजुतीहून थोडें निराळें आहे. १७१७ सालीं इंग्रज आले व परतले. १७२० सालीं वॉल्टर ब्राऊन तरंगता तोफखाना घेऊन आला. त्याचीं तोफांचीं भोकें इतकीं खालीं कीं गोळे अर्ध्या वाटेंत पाण्यांत पडूं लागले. १७२४ सालीं डचांचीही तीच गत. मग १७५६ च्या फेब्रुवारींत ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांच्या हातीं तोच किल्ला दोन दिवसांत कसा पडला? जमिनीवरून पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूस होती, आणि तुळाजी आंग्रे स्वतः किल्ल्यांत नव्हता, हीं कारणें खरींच आहेत. पण १२ तारखेस घडलें तें असें: आंग्र्यांचें आरमार किल्ल्याच्या आश्रयास एकमेकांस बांधून उभें होतें. त्यांत इंग्रजांकडूनच पूर्वीं पकडलेलें 'रेस्टोरेशन' नांवाचें जहाज होतें. एक कुलपी गोळा त्यावर पडला आणि तें पेटलें. डांबर, दोर, शिडें, आणि पोटांत दारू. एकावरून दुसऱ्यावर आग गेली आणि पिढ्यांचें आरमार एका सायंकाळीं राख झालें. दुसऱ्या दिवशीं किल्ला गेला. आंत सुमारें २०० तोफा, सहा पितळी उखळी तोफा आणि दारूगोळ्याचा मोठा सांठा इंग्रजांस मिळाला. म्हणजे दारू संपली म्हणून विजयदुर्ग पडला नाहीं. अमात्यांनीं जमिनीवरच्या दारूखान्यास जो नियम घातला, घरांपासून दूर आणि एकटा, तो पाण्यावरच्या दारूखान्यांस कोणी लावला नाहीं. मनुष्याची लढाऊ वृत्ति कमी पडली असें म्हणणाऱ्यांनीं ही एक गोष्ट आधीं तोलून पाहावी.

सिंधुदुर्ग १७६५ सालीं इंग्रजांनीं घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस हें नांव दिलें, आणि पुढच्याच वर्षीं कोल्हापूरकरांस परत केला. १८१२ च्या तहानें मालवण कायमचें गेलें. त्यानंतर या किनाऱ्यावरील दारू मुंबईची झाली. माझगांवाजवळच्या वस्तीला दारूखाना हें नांव अद्याप आहे, जरी आतां तेथें जुनीं जहाजें मोडण्याचें काम चालतें.

हा सर्व इतिहास जुना झाला म्हणावें, तर तोच प्रश्न लहान रूपांत आजही उभा आहे. १९३५ सालीं अमेरिकेंत स्मिथ अँड वेसन कारखान्यानें 'मॅग्नम' नांवाचें भारी दाबाचें रिव्हॉल्व्हर काढलें. त्याचें काडतूस जुन्या काडतुसाहून सुमारें एक अष्टमांश इंच मुद्दाम लांब केलें, तें एवढ्यासाठीं कीं जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरांत तें शिरूंच नये. तिकडचे हौशी लोक हीं काडतुसें घरीं हातानें भरतात, आणि त्यांचा सारा वाद गोळीचें वजन व दारूच्या जळण्याचा वेग यांच्या जुळणीविषयींच असतो. जड गोळीस सावकाश जळणारी दारू, हलकीस चपळ. आणि कारखान्यानें छापून दिलेल्या मापापलीकडे गेल्यास हात गमावण्याची तयारी. आमच्याकडे शस्त्रांच्या कायद्यानें ही हौस जवळजवळ कोणास परवडणारी नाहीं, आणि त्याविषयीं आम्हांस फारसा खेद वाटत नाहीं.

तथापि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत हातानें भरण्याची बंदूक नाहींशी झालेली नाहीं. रानडुकरें आणि माकडें यांपासून भात, नारळ व काजू राखण्यासाठीं शेतकऱ्यांस ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो. निवडणुका आल्या कीं या बंदुका पोलीस ठाण्यांत जमा होतात व मागाहून परत येतात. तोंडानें भरावयाची नळी, गज, केप आणि काळी दारू; सिंधुदुर्गाच्या तटावरील शिपायास हिच्यांत केपेखेरीज नवें असें कांहीं दिसलें नसतें. या बंदुकींत कोणी धूर न करणारी नवी दारू भरली तर नळी फुटते, आणि असे अपघात अज्ञानानें होतात हें येथें स्पष्ट सांगितलेलें बरें. दिसावयास भुकटी ती भुकटी, पण जोर अनेक पटींचा.

मालवणपासून आंत एका खेड्यांत आम्हीं अशी बंदूक भरतांना पाहिली. दसरा होऊन गेला होता, ऊन स्वच्छ होतें. म्हाताऱ्या गृहस्थांनीं आधीं मुलांस खळ्यांतून घालवून दिलें, बिडी ओढणाऱ्या शेजाऱ्यास दटावलें, मग कागदावर पसरून वाळत घातलेली दारू पाहिली. तिला बोटांत चोळून ती ओठाशीं न नेतां नाकाशीं नेली. त्यांच्याजवळ पितळेचें एक लहान माप होतें, वडिलांच्या वेळचें, कांठ झिजलेलें. आपल्या चुलतभावाच्या बंदुकीलाही हेंच माप चालत असेल काय, असें आम्हीं विचारलें. त्यांनीं आमच्याकडे जरा संशयानें पाहिलें. "ह्यां माप ह्याच बंदुकेचां," ते म्हणाले, "दुसऱ्या बंदुकेक चलाचां नाय." आणि पंचाच्या टोकानें तें पुसून त्यांनीं पुन्हां डब्यांत टाकलें.