गळवांतील जंतु आणि पेनिसिलीन

गळूं व केसतूड हीं घरोघरचीं दुखणीं. त्यांच्या पुवांतील गोल जंतु स्कॉटलंडमधील शल्यवैद्य ऑग्स्टन यांनीं १८८० च्या सुमारास सूक्ष्मदर्शकांतून पाहिले. ते द्राक्षांच्या घोंसासारखे दिसत, म्हणून १८८२ मध्यें त्यांनीं ग्रीक शब्दावरून 'स्टॅफिलोकॉकस' हें नांव दिलें. इतक्या दुष्ट जंतूला इतकें रसाळ नांव मिळावें, हें नवलच!

१९२८ मध्यें फ्लेमिंग यांच्या बशींत याच जंतूंना बुरशीनें मारलें, आणि पेनिसिलीन सांपडलें. परंतु कांहीं स्टॅफिलोकॉकस पेनिसिलीनचाच नाश करणारें द्रव्य बाळगून असतात, हें कर्बी यांनीं १९४४ मध्यें दाखविलें. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत मेरी बार्बर यांनीं मोजदाद केली, तेव्हां अशा जंतूंचें प्रमाण १९४६ मध्यें शेंकडा १४ होतें. १९४८ मध्यें तें ५९ झालें! औषधानें जंतूंना नवी विद्या शिकविली असें नव्हे. दुबळे मेले, मूळचेच चिवट होते ते उरले, आणि रुग्णाकडून रुग्णाकडे पसरले. माझ्या मतें येथें दोष औषधापेक्षां न धुतलेल्या हातांचा अधिक.

पुढें मेथिसिलीन निघालें. त्यालाही दाद न देणाऱ्या जंतूंची नोंद पॅट्रिशिया जेव्हन्स यांनीं १९६१ मध्यें प्रसिद्ध केली. पांच हजारांवर नमुन्यांत ते तीनच होते. १९९० नंतर मात्र रुग्णालयाची पायरीही न चढलेल्यांच्या गळवांत असे जंतु सांपडूं लागले.