शिकागो ते गोंदूर: फ्लाइट सिम्युलेटरमध्ये आपला खान्देश कधी आला?

हेडफोन लावा, आज आपण उडणार आहोत.

जळगाव विमानतळावरून छोटं सेसना उचलायचं आणि तोंड पश्चिमेला ठेवायचं. गिरणा ओलांडली की एरंडोल, मग पारोळा. डावीकडे लळिंगचा किल्ला, खाली पांझरा, म्हणजे धुळे आलं. उतरायचं गोंदूरच्या धावपट्टीवर. सेसनाला या प्रवासाला अर्धा तास पुरतो.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये आज ही वाट घरबसल्या, खाली बघत बघत उडता येते. पण त्यासाठी जवळपास ४० वर्षं जावी लागली. कशी, ते ऐका.

सुरुवात अमेरिकेत. इलिनॉय विद्यापीठातला विद्यार्थी ब्रूस आर्टविक याने १९७५ मध्ये कम्प्युटरवर त्रिमितीय उड्डाण दाखवण्यावर प्रबंध लिहिला. पुढे त्याच्या सबलॉजिक कंपनीने ॲपल टू कम्प्युटरसाठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर काढला, १९८० च्या सुमारास. नुसत्या रेघा. सगळं जग म्हणजे ३६ चौकोन, सहा बाय सहा. बस्स.

मग मायक्रोसॉफ्टने त्याच्याकडून परवाना घेतला आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये आयबीएम पीसीसाठी व्हर्जन १.० आलं. गेम सुरू केला की विमान उभं असायचं शिकागोच्या मेग्ज फील्डवर. गंमत म्हणजे, आपलं मशीन आयबीएमसारखंच चालतं का, हे तपासायला बाकीच्या कंपन्या हाच गेम टाकून बघायच्या.

त्यानंतर १९८४ ला दुसरं, १९८८ ला तिसरं, १९८९ ला चौथं व्हर्जन. १९९३ च्या पाचव्याने जमिनीवर चित्रं चढवली, रेघारंगांचा जमाना संपला. १९९६ ला विंडोज ९५ चं व्हर्जन, मग एफएस ९८, एफएस २०००. २००१ च्या अखेरीस आलेल्या एफएस २००२ मध्ये कंट्रोल टॉवर बोलायला लागला, घरं-झाडं आपोआप उगवायला लागली. २००३ मध्ये राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शंभरीचं व्हर्जन. २००६ मध्ये एफएसएक्स.

आणि खान्देश? जग गोल झालं होतं, विमानतळ हजारोंनी वाढले होते. पण जमीन खरी नव्हती. इथे शेती, इथे जंगल, इथे वस्ती, एवढंच गेमला माहीत. त्या-त्या प्रकारचा तयार तुकडा तो तिथे चिकटवायचा. आपल्या केळीच्या बागा आणि परमुलखातलं कुठलंही शेत, दोन्ही जवळपास सारखंच. आपण नकाशात होतो, पण चेहरा नव्हता.

जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा गेम बनवणारा एसेस स्टुडिओच बंद केला. २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचा प्रयोग आला, त्यात सुरुवातीला फक्त हवाई बेटं! तोही काही महिन्यांत गुंडाळला.

मग १८ ऑगस्ट २०२०. फ्रान्सच्या असोबो स्टुडिओने गेम नव्याने बांधला. पृथ्वीचे उपग्रह-फोटो बिंग मॅप्सचे, डेटा दोन पेटाबाइटहून जास्त, म्हणजे २० लाख जीबी. हे घरात मावणार नाही, म्हणून उडत असाल तिथलं चित्र सर्व्हरवरून नेटने येतं. आता तापीचं पात्र तापीसारखं वळतं. रावेर-यावलचा हिरवा पट्टा दिसतो, मागे सातपुडा. बऱ्याचशा इमारती मात्र फोटोवरून एआयने अंदाजाने उभ्या केलेल्या, तेव्हा तुमचं घर ओळखू आलं नाही तर रुसू नका.

पण थांबा, खरी गोष्ट इथेच आहे. २०२० च्या व्हर्जनचं नेट काढा. विमान उडतं, फोटो जातो, आणि खान्देश पुन्हा अंदाजाचा तुकडा होतो. १९ नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या व्हर्जनला तर नेट लागतंच. पहिल्याच दिवशी सर्व्हरवर इतका ताण आला की लोक लोडिंगच बघत बसले.

मेग्ज फील्ड आठवतं? मार्च २००३ मध्ये शिकागोच्या महापौरांनी एका रात्रीत बुलडोझर लावून ती धावपट्टी उखडली. खरा विमानतळ गेला, पण त्याच वर्षीच्या व्हर्जनमध्ये तो शाबूत होता. ती जुनी डिस्क टाका, आजही तिथून उडता येतं. आपला खान्देश कुठल्याच डिस्कवर नाही. तो दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहे, सर्व्हर चालू असेपर्यंत. चेहरा मिळाला खरा, पण भाड्याने.

आणि एक. गोंदूरला बॉम्बे फ्लाइंग क्लबची, शिरपूरला तिथल्या अकादमीची, अशी पायलट शिकणाऱ्या मुलामुलींची खरी विमानं आपल्या डोक्यावरून जातात. १६ जुलै २०२१ ला असंच एक प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात सातपुड्यात कोसळलं. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. गेममध्ये पडलं की पुन्हा सुरू करता येतं. सातपुड्यात नाही.

तेव्हा गेम जरूर खेळा. स्वतःचं गाव वरून शोधा, सापडलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा. तेवढा तरी आपल्याजवळ राहील.

चला भो, भेटू पुढच्या भागात!