म्हातारचळ कीं व्याधि?



'साठी बुद्धि नाठी' ही म्हण आपल्या घरोघर ऐकूं येते. वडीलधारें माणूस एकच प्रश्न दहा वेळां विचारूं लागलें, स्वतःच्याच घरांत बसून 'मला घरीं न्या' म्हणूं लागलें, कीं आपण 'म्हातारचळ लागला' म्हणून विषय मिटवितों. या म्हणीनें आपलें मोठें नुकसान केलें आहे. व्याधीला आपण स्वभाव समजलों आणि रोग्यावर रागावलों.

१९०१ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयांत ऑगस्टे नांवाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. पतीचें नांव विचारतां तिनें स्वतःचेंच सांगितलें. फुलकोबी खात असतां 'पालक खातें' म्हणाली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनीं हीं उत्तरें जशींच्या तशीं टिपून ठेवलीं. १९०६ सालीं ती वारल्यावर तिच्या मेंदूंत त्यांना साचलेले पुंजके व पेशींतील तंतूंचा गुंता आढळला. ३ नोव्हेंबर १९०६ रोजीं ट्यूबिंगेनच्या वैद्यसभेंत त्यांनीं हें मांडलें, तेव्हां कोणीं एक प्रश्नही विचारला नाहीं. १९१० सालीं एमिल क्रेपेलिन यांनीं रोगाला अल्झायमरांचें नांव दिलें. पण तो प्रौढ वयांतील विरळा रोग मानला गेला. म्हातारपणींची विस्मृति म्हातारपणाच्याच खात्यावर राहिली. दोन्ही व्याधि एकच, असें १९७६ सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट कॅट्झमन यांनीं आग्रहानें प्रतिपादिलें, तेव्हां कोठें हा समज हालूं लागला.

रोगाला नांव मिळालें, तरी शुश्रूषेला रीत नव्हती. रोग्यानें आईची चौकशी केली, तर एकानें 'ती केव्हांच वारली' म्हणून त्याला रडवावें, दुसऱ्यानें 'येईल हं' म्हणून थाप मारावी! १९८१ सालीं नॅन्सी मेस व पीटर रेबिन्स यांनीं अमेरिकेंत घरच्या माणसांसाठीं पुस्तक लिहिलें. त्याचें नांवच 'छत्तीस तासांचा दिवस'. पुढें १९९० च्या सुमारास इंग्लंडांत ब्रॅडफर्ड येथें टॉम किटवुड व त्यांचे सहकारी यांनीं निराळीच वही घातली. निरीक्षकानें दालनांत बसावें आणि रोगी काय करतो, त्याच्याशीं कोण कसें वागतें, हें दर पांच मिनिटांनीं टिपावें. रोग्याच्या देखत त्याच्याविषयीं तो तेथें नसल्यासारखें बोलणें, त्याला झेपणार नाहीं इतकी घाई करणें, हे तेथें शुश्रूषेचे दोष ठरले.

१९९२ सालीं केरळांत या रोगासाठीं अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. २००६ च्या नोव्हेंबरांत, ट्यूबिंगेनच्या सभेला शंभर वर्षें होत असतां, ब्रिटनमध्यें आरोग्यसेवा व समाजसेवा या दोहोंसाठीं एकच मार्गदर्शिका निघाली. २०१८ सालीं ती सुधारली गेली.

ही व्याधि समूळ बरी करणारें औषध अद्यापि नाहीं. म्हणून वैद्य, परिचारिका आणि घरचीं माणसें यांनीं एकाच रीतीनें वागणें हाच मोठा आधार. आजी कोणत्या हांकेला ओ देतात, स्नान केव्हां करतात, आईची आठवण काढल्यावर काय बोलावें, हें एका कागदावर लिहून भिंतीला लावावें. आजी विसरतील, आपण विसरूं नये.