नाखव्याने कोठे जावे?

स्वतःच्या होडीचा जो धनी, त्यास कोळीवाड्यात नाखवा म्हणतात. सुकाणू तांडेलाच्या हाती असेल, जाळे ओढण्यास खलाशी असतील. परंतु होडी कोठे न्यावी ह्या प्रश्नाचा भार शेवटी नाखव्याच्याच शिरावर असतो, कारण होडी रिकामी परतली तर तोटा त्याच्याच पदरी पडतो. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून पाहणाऱ्यास समुद्र सर्वत्र सारखाच दिसतो. नाखव्यास मात्र त्यात वाटा, बांध, शेजारी आणि कधीकधी वैरीही दिसतात. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर ही दृष्टी कशी घडली आणि कशी पालटली, हा इतिहास मुंबईकरांच्या अगदी दाराशी असूनही फारसा सांगितला जात नाही.

शिडाच्या काळी पहिला निर्णय वारा घेई. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, आणि दुपार होता होता समुद्रावरून खारा वारा वाहू लागतो. मतलईवर निघावे आणि खाऱ्यावर परतावे, हा बहुतेक होड्यांचा नित्यक्रम. ह्या दोन वाऱ्यांच्या दरम्यान जेवढे अंतर कापता येईल, तेवढाच त्या होडीचा समुद्र. पलीकडे मासळीची रास असली तरी तिचा उपयोग काय? बर्फ जवळ नसता चैत्रातल्या उन्हात पापलेट टिकणार किती!

दुसरा निर्णय चंद्राचा. कोकणात भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी भरते, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. शाळेचे तोंड न पाहिलेला मनुष्यही हे गणित बिनचूक करी. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण येते आणि प्रवाहास जोर चढतो. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी मंदावते.

ह्या प्रवाहाच्या जोरावरच उत्तर कोकणातले डोल जाळे उभे राहते. डोल म्हणजे एका टोकास निमुळती होत गेलेली प्रचंड पिशवी. तिचे तोंड समुद्रतळाच्या चिखलात रोवलेल्या खुंटांना बांधतात. ती मासळीचा पाठलाग करीत नाही. प्रवाह तिचे तोंड उघडतो आणि बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आपणहून तिच्यात वाहत येतात. पाणी फिरण्यापूर्वी जाळे उचलले नाही तर केलेले श्रम फुकट. मुंबईस मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरांच्या आसपास चढते-उतरते, मालवणकडे त्याच्या सुमारे निम्मेच. शिवाय उत्तरेस समुद्रबूड जमीन रुंद, उथळ आणि चिखलाची. दक्षिणेस किनारा खडकाळ. म्हणूनच डहाणूपासून रायगडापर्यंत डोलीचे राज्य, आणि तळकोकणात बांगड्यासाठी किनाऱ्यावरून ओढावयाची रापण. जातीने वा गावाने नव्हे, तर भरतीच्या उंचीने हे दोन धंदे वेगळे केले आहेत.

डोलीचे खुंट जेथे रोवतात त्या जागेस कव म्हणतात, आणि रोवण्यास कव मारणे. कव एकदा मारली की नाखव्याचा ‘कोठे जावे’ हा प्रश्न मोसमापुरता मिटला. राहिला तो तीच जागा पुन्हा सापडण्याचा. उघड्या समुद्रात बोटभर दोरीचे टोक शोधणे हे वाटते तितके सोपे नाही. त्यासाठी किनाऱ्यावरची एक जवळची आणि एक लांबची खूण एका रेषेत धरावयाची. मग दुसऱ्या बाजूस तशीच दुसरी जोडी. दोन रेषा जेथे छेदतील तेथे कव. मुंबईजवळच्या समुद्रावरून कर्नाळ्याचा सुळका दूरवरून दिसतो, आणि दर्यावर्दी लोकांनी त्यास फार पूर्वीपासून खूण मानले आहे. 1867 साली खांदेरीचा दीप उभा राहिला, 1875 साली कुलाब्याच्या टोकाशी प्राँग्सचा. सरकारने ते व्यापारी जहाजांसाठी बांधले. कोळ्यांनी ते आपल्या खुणांच्या हिशेबात जमा करून टाकले. खोली वावेने मोजीत, दोरीला बांधलेल्या शिसाला तळाचा चिखल चिकटून येई तो बोटांनी चोळून पाहत. हे ज्ञान कोठे लिहिलेले नव्हते. बापाकडून लेकाकडे ते जसे जाई, तशीच परंपरेने कवही जाई. दुसऱ्याच्या कवीच्या तोंडाशी आपली कव मारणे गैर समजले जाई, कारण पुढचे जाळे मागच्याची मासळी अडवते.

सरकारास मात्र हे सारे फार तोकडे वाटले. मुंबई सरकारने 1921–22 मध्ये ‘विल्यम कॅरिक’ नावाची वाफेवर चालणारी ट्रॉलर बोट आणून किनाऱ्यापासून दूरचा समुद्र तपासला. मासळी मिळाली; धंदा जमला नाही. खोल समुद्रात काय आहे एवढे विचारून भागत नाही, ते कोणत्या भावाने आणि किती ताजे बंदरात उतरेल, हा हिशेब नाखवा आधीच करीत होता. साहेबांनी तो खर्च करून शिकून घेतला, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही. पुढे 1946 साली मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र निघाले आणि तपासणीचे काम नेटाने सुरू झाले.

खरी क्रांती झाली ती यंत्राने. होडीत इंजिन बसले, पोटात बर्फ भरला गेला, आणि मतलई-खाऱ्याने आखलेली सीमा एका पिढीत पुसली गेली. पुढे उपग्रहावरून जागा दाखवणारे यंत्र हाती आले आणि कर्नाळ्याच्या सुळक्याचीही गरज उरली नाही. 1999 साली हैदराबादेत स्थापन झालेली सागरी माहिती संस्था तर समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य उपग्रहांकडून जाणून घेऊन मासळी कोठे जमण्याचा संभव आहे हे कळवते. फिरत्या जाळ्यास हा सल्ला लाखमोलाचा. कवीवरच्या डोलीस तो काय कामाचा? खुंट उपटून रोज नव्या जागी नेता येत नाहीत.

समुद्र मात्र रुंदावण्याऐवजी दाटला. 1974 मध्ये मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रात तेल लागले. तेथील तेलफलाटांभोवती पाचशे मीटरांचे सुरक्षित क्षेत्र आहे. फलाटांच्या सावलीस मासळी जमते, आणि नेमके तेथेच होडीस जाण्याची मनाई. 1981 च्या राज्य कायद्याने किनाऱ्यालगतचे पाणी लहान मच्छीमारांसाठी राखले. पण जुन्या रिवाजाला सर्वांत मोठा हादरा बसला तो कोळ्या-कोळ्यांतच. वसई-उत्तनकडील नाखव्यांच्या कवी इंजिनाच्या बळावर उत्तरेकडे सरकत पालघर-डहाणूच्या समोर येऊन ठेपल्या. सातपाटी-डहाणूचे नाखवे पापलेटासाठी पाण्यात लांबच लांब जाळे सोडून प्रवाहाबरोबर तासन्‌तास वाहत जातात. त्या वाटेत खुंटांची रांग आली की जाळे अडकते, फाटते, आणि हजारो रुपयांचे सूत तळाशी जाते. डोलवाले म्हणतात, समुद्र कोणाच्या बापाचा नाही. जाळे वाहवणारे म्हणतात, मग आमच्या दारात खुंट का? पहिल्यांचे म्हणणे ऐकावयास उदार वाटते. पण खुंट रोवणारा जागा अडवतो आणि वाहणारा अडवीत नाही, हा भेद नजरेआड करता येत नाही. तडजोडीच्या बैठका झाल्या, रेषा सुचवल्या गेल्या, तरी वाद धुमसत राहिला.

ह्या भांडणाची आणखी एक बाजू पोटाशी येऊन भिडते. पापलेटास 2023 साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. डोलीच्या शेपटाकडील आस बारीक असते. जवळ्यासाठी ती तशी असावीच लागते. त्या आसातून बोटभर लांबीचे पापलेटाचे पिल्लूही सुटत नाही, आणि मोठे झाल्यावर तेच पिल्लू सातपाटीच्या जाळ्यात येणार असते.