काळं आभाळ, पांढरं आभाळ

1986 च्या डिसेंबरात आम्ही चौघं मित्र हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. मामाकडून कॅमेरा उसना आणला होता. त्यात कृष्णधवल रोल होता आणि खिशात एक लाल फिल्टर. दुपार कलली, कोकणकड्यावर ऊन आलं, तसा मी फिल्टर चढवून फोटो काढला. प्रिंट हातात आली तेव्हा मी हरखून गेलो. कडा उजळलेला आणि वरचं आभाळ जवळजवळ काळंभोर! वडिलांनी चष्मा लावून ती बराच वेळ न्याहाळली आणि विचारलं, ‘‘भर दुपारी आभाळ काळं कुठनं आलं रे? आम्ही गेलो होतो तेव्हा तर निळं होतं.’’

मला उत्तर देता आलं नाही. आज त्या प्रश्नाविषयीच बोलायचं आहे.

लाल फिल्टरची कल्पना माझी नव्हतीच. ती मी ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराकडून उचलली होती. पण त्याच्याकडे वळण्याआधी थोडं मागं जायला हवं.

कॅलिफोर्नियात योसेमिटी नावाची दरी आहे. 1861 मध्ये कार्ल्टन वॉटकिन्स हा छायाचित्रकार खेचरांवर सामान लादून तिथं गेला. त्याच्या काचेच्या निगेटिव्ह होत्या 18 बाय 22 इंचांच्या. त्या काळी काचेला रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच तंबूच्या अंधारात धुवायचा, असा सगळा खटाटोप असे. त्याचे फोटो पाहून पूर्वेकडच्या शहरांतले लोक थक्क झाले. 1864 मध्ये अब्राहम लिंकननं ही दरी सार्वजनिक ठेवा म्हणून राखण्याच्या कायद्यावर सही केली, त्यामागं या फोटोंचाही हात होता.

आता एक गंमत पाहा. त्या ओल्या काचेवर निळा प्रकाश फार जोरात उमटे. त्यामुळं तेव्हाच्या बहुतेक फोटोंत आभाळ कोरं, पांढरं फटक येई. पण आभाळ पांढरं कुठं असतं, असं विचारून ते फोटो कुणी खोटे ठरवले नाहीत. रसायनानं केलेला बदल लोकांनी सत्य म्हणून चालवून घेतला.

1906 च्या एप्रिलात सॅन फ्रान्सिस्कोत मोठा भूकंप झाला. पाठोपाठ लागलेल्या आगीत वॉटकिन्सचा स्टुडिओ आणि निगेटिव्ह जळून गेल्या. तेव्हा तो म्हातारा आणि जवळजवळ आंधळा झाला होता. त्याच शहरात, त्याच भूकंपाच्या नंतरच्या एका धक्क्यानं चार वर्षांचा एक मुलगा बागेच्या भिंतीवर आपटला आणि त्याचं नाक मोडलं. ते कायमचंच वाकडं राहिलं. तो मुलगा म्हणजे ॲन्सेल ॲडम्स.

1916 मध्ये, चौदाव्या वर्षी, तो आईवडिलांबरोबर पहिल्यांदा योसेमिटीला गेला. तिथं त्याला एक साधा कोडॅक ब्राउनी कॅमेरा मिळाला. पुढं दर उन्हाळ्यात तो तिकडं जाऊ लागला. मात्र त्याला व्हायचं होतं पियानोवादक. पर्वत आणि पियानो अशी ही ओढाताण बरीच वर्षं चालली.

10 एप्रिल 1927. ॲडम्स, त्याची होणारी बायको व्हर्जिनिया आणि काही मित्र हाफ डोम या सुळक्याच्या बाजूनं बर्फातून चढत होते. हा ग्रॅनाइटचा घुमट दरीच्या तळापासून जवळजवळ 4,800 फूट वर उठतो आणि त्याची एक बाजू सुरीनं कापल्यासारखी उभी आहे. ॲडम्सच्या पाठीवर जड कॅमेरा होता आणि 12 काचेच्या प्लेटा. मोक्याच्या जागी पोचेपर्यंत दोनच उरल्या होत्या. तो उन्हाची वाट पाहत थांबला. कड्यावर ऊन उतरलं तेव्हा त्यानं नेहमीचा पिवळा फिल्टर लावून पहिली प्लेट खर्चली. आणि मग त्याला जाणवलं, की आपल्याला कडा जसा भिडतोय तसा तो यात येणार नाही. आभाळ फिकट येईल, कड्याचा दरारा हरवेल. त्यानं गडद लाल फिल्टर चढवला आणि शेवटची प्लेट वापरली.

लाल काच निळा प्रकाश अडवते. म्हणून आभाळ काळं आलं, बर्फ चमकलं आणि मधे तो प्रचंड कडा उभा राहिला. कॅमेऱ्याचं बटण दाबण्याआधीच प्रिंट मनात पाहण्याचा हा आपला पहिला अनुभव, असं ॲडम्स आयुष्यभर सांगत असे. रसायनानं करायचा बदल आता माणूस ठरवून करत होता.

पियानो सुटला, पण संगीत सुटलं नाही. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे मैफल, असं तो मानी. 1941 च्या नोव्हेंबरात न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावी त्यानं चंद्रोदयाचा फोटो घेतला. त्या एका निगेटिव्हच्या प्रिंटा तो पुढं कित्येक वर्षं काढत राहिला आणि नंतरनंतरच्या प्रिंटांत आभाळ अधिकाधिक काळं होत गेलं.

हे नुसते मनाचे खेळ होते का? तसं नाही. 1936 मध्ये सिएरा क्लब या संस्थेसाठी तो आपले फोटो घेऊन वॉशिंग्टनला गेला, 1938 मध्ये त्याचं सिएरा नेवाडावरचं पुस्तक आलं आणि 1940 मध्ये किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं. त्यात या फोटोंचा वाटा मानला जातो.

पण ठरवून दाखवायचं म्हटलं, की ठरवून वगळणंही आलं. योसेमिटीत अह्वानीची हे मूळ रहिवासी होते. 1851 मध्ये सशस्त्र तुकडीनं त्यांना दरीतून हुसकावलं. तरी काही कुटुंबं परतली आणि ॲडम्सच्या काळातही तिथं राहत होती. त्याच्या गाजलेल्या निसर्गचित्रांत मात्र ती दिसत नाहीत. याच ॲडम्सनं 1943 मध्ये मॅन्झनारच्या छावणीत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांचे चेहरे आपुलकीनं टिपले, हेही सांगायला हवं. पण त्याच्या पर्वतांवर माणूस नाही, आणि पाहणाऱ्याला वाटतं, तिथं तो कधी नव्हताच.

वडील आज नाहीत. असते तर मी म्हटलं असतं, ‘‘दादा, आभाळ निळंच होतं. काळं मी केलं, कारण कड्याच्या काठावर मला भीती वाटली होती.’’ एवढं त्यांना पटलं असतं.

पण आणखी एक गोष्ट मला त्यांना सांगावी लागली असती. त्या दुपारी डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई कड्यालगतच्या वाटेनं चालली होती. ती चौकटीतून बाहेर जाईपर्यंत मी बटणावर बोट ठेवून थांबलो होतो. काळ्या आभाळाबद्दल वडिलांनी विचारलं. त्या बाईबद्दल कुणीच विचारलं नाही, कारण फोटोत ती नव्हती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)